खोडू नका, पुढे लिहा!

दोस्तहो, लेख वाचायला बसण्याआधी एक काम करा. कंपासपेटी उघडा आणि तुमचं खोडरबर हातात घ्या. कडा काळ्या झाल्यात? एखाद्या कोपऱ्यावर दातांच्या खुणा आहेत? म्हणजे ते बिचारं भरपूर राबतंय. गणित चुकलं, खोडा. चित्रातला बैल गाढवासारखा दिसायला लागला, खोडा. असा दयाळू मित्र शोधून सापडायचा नाही!

पण आज मी तुम्हाला अशा वह्यांबद्दल सांगणार आहे, जिथे या मित्राला दारातूनच परत पाठवतात. तसं का करतात, हे डीएड करून, इतकी वर्षं शिकवूनही मला नीट कळलेलं नव्हतं. ते मला शिकवलं आमच्या वाचनपेटीतल्या ८७ नंबरच्या पुस्तकानं. थोडी लाजतच सांगते, कारण या गोष्टीत चूक माझी आहे.

आमची शाळा सूसला. पाषाणकडून सूस खिंड ओलांडून आलात की आमचं गाव. तालुका मुळशी, पण ३० जून २०२१ पासून गाव पुणे महानगरपालिकेत गेलंय. पूर्वी जिथे भातखाचरं होती, तिथे आता उंचच उंच इमारती आहेत. माझ्या वर्गात काही मुलं गावातल्या जुन्या घरांतली, तर काही त्या इमारती बांधायला लांबून आलेल्या कामगारांची.

वर्गात एक वाचनपेटी आहे. पुस्तकांची नोंद ठेवायला मी शाळेच्या जुन्या संगणकावर एक तक्ता केला होता. एका पुस्तकाला एक ओळ. पहिल्या घरात पुस्तकाचा नंबर, दुसऱ्यात नाव आणि तिसऱ्यात ते पुस्तक ज्याच्याकडे आहे त्याचा हजेरी क्रमांक. पुस्तक परत आलं की तिसऱ्या घरातला आकडा पुसायचा आणि ‘पेटीत’ लिहायचं. दुसऱ्या कुणी नेलं की ‘पेटीत’ पुसायचं आणि नवा आकडा लिहायचा. दिसायला इतका नीटनेटका की मी सगळ्यांना कौतुकानं दाखवत असे.

जुलैमध्ये मोजणी केली तर ८७ नंबरचं पुस्तक गायब. तक्त्यात पाहिलं. तिसऱ्या घरात आकडा होता १४. वर्गाचा चौदा नंबर उभा राहिला. हडकुळासा, कमी बोलणारा मुलगा.

“बाई, मी नाही नेलं.”

“संगणक खोटं बोलेल का?” मी म्हणाले. हे वाक्य मला आजही टोचतं, मुलांनो. वर “उद्या पुस्तक आण, नाहीतर भरपाई दे,” असंही म्हणाले. सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा त्याच्या मुठीत घामेजलेल्या दहा-दहाच्या नोटा होत्या. वडिलांच्या हजेरीतून आणलेल्या. त्यानं त्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि जागेवर जाऊन बसला. पुन्हा “मी नाही नेलं” असंसुद्धा म्हणाला नाही.

मला काही बरं वाटेना. मी मुख्याध्यापकांकडे गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून एक जाडजूड, लाल कापडी बांधणीची वही काढली. शाळेचं जनरल रजिस्टर! तुम्ही शाळेत दाखल झालात त्या दिवशी तुमचं नाव याच वहीत लिहिलं गेलं आणि नावापुढे एक क्रमांक पडला. सरांनी बोट ठेवलं.

“बाई, हा मुलगा आपल्याकडे आलाच मुळी जूनमध्ये. पुस्तक कधी नेलंय?”

कधी? तक्त्यात तारीख होतीच कुठे! जूनमध्ये नवीन मुलं आली आणि सगळ्यांचे हजेरी क्रमांक बदलले, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तक्त्यातला १४ हा मार्चमधला १४ होता. मार्चमध्ये चौदा नंबर होता एका मुलीचा. ती आता पंधराव्या नंबरवर होती.

तिला विचारलं. ती म्हणाली, “बाई, मी तर परीक्षेच्या आधीच परत दिलं होतं.” आता आली का पंचाईत! त्या दिवशी संगणकावर बसलेल्यानं ८७ च्या ऐवजी ७८ च्या ओळीत ‘पेटीत’ लिहिलं असेल का? ७८ ची ओळ पाहिली. तिथे ‘पेटीत’ होतंच. पण ते त्याच दिवशी लिहिलं की आधीपासून होतं? ‘पेटीत’च्या खाली कुणाचा आकडा होता का? काहीच कळेना. ते सगळं आम्ही आमच्याच हातांनी पुसलं होतं.

ते पुस्तक आजतागायत सापडलेलं नाही. ते कुठे गेलं हे मी कधीच सांगू शकणार नाही. पुसलेल्या पाटीला प्रश्न विचारता येत नाहीत.

पैसे मी त्याच दिवशी परत केले आणि सगळ्या वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. तो “असू द्या बाई” म्हणाला. पण त्यानंतर वाचनपेटीकडे मात्र फिरकेना.

आता गंमत बघा. यावरचा उपाय आमच्याच गावात, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत होता! त्याच आठवड्यात एका मुलीचे आजोबा कसल्याशा दाखल्यासाठी शाळेत आले. पिशवीत घरातले सगळे कागद. त्यात एक जुना, हातानं लिहिलेला सातबारा. तुमच्या घरी शेती असेल तर हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, कुणाचा काय हक्क. गाव नमुना बारा म्हणजे तिच्यात पीक कुठलं. दोन्ही मिळून सातबारा.

मी कागद निरखून पाहिला. नावांच्या रकान्यात बरीच नावं होती आणि काही नावांना कंस घातलेला होता. शेजारी छोट्या वर्तुळांत आकडे.

“आजोबा, ही नावं खोडलीत का?”

“खोडलेली न्हाईत वो बाई, कंस केलाय,” आजोबा हसले. “ह्यो कंसातला माझा आज्जा. त्यो गेला, मग वारस लागले. ह्या गोलातला लंबर हाय न्हवं, त्यो फेरफाराचा. त्यो लंबर घिऊन जावा, समदं निघतंय. कवा झालं, कशापायी झालं.”

आजोबांनी सांगितलं ते किती शहाणपणाचं आहे, पाहा. गावात फेरफाराची एक वेगळी वही असते, गाव नमुना सहा. जमीन विकली, वाटणी झाली, वारस लागले, की तलाठी, म्हणजे ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात ते, त्या वहीत पुढचा क्रमांक टाकून नवी नोंद करतात. संबंधितांना नोटीस जाते. हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. मग मंडळ अधिकारी नोंद तपासून मंजूर करतात आणि त्यानंतरच सातबारावर नवं नाव चढतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये ही रीत सांगितलेली आहे. आता हे काम संगणकावर होतं, त्याला ई-फेरफार म्हणतात. पण रीत तीच. जुनी नोंद फाडायची नाही, पुसायची नाही. नवी नोंद पुढे लिहायची.

आणखी एक गोष्ट. जमीन काही कागदावर उचलून ठेवता येत नाही. कागदावर असतं तिचं चिन्ह, म्हणजे गट नंबर. मालक बदलले, पीक बदललं, तरी गट नंबर तोच राहतो. आजोबांचा आज्जा गेला, पण गट नंबर गेला नाही.

आता माझ्या तक्त्यातल्या दोन्ही चुका तुम्हीच सांगा बघू! पहिली, मी मुलासाठी चिन्ह निवडलं ते हजेरी क्रमांकाचं, जे दर जूनला दुसऱ्याच्याच गळ्यात पडतं. दुसरी, मी पुसत गेले.

माझा भाचा संगणकाचं शिक्षण घेतो. त्याला फोनवर ही हकिगत सांगितली, तर तो म्हणाला, “मावशी, आमच्या प्रोग्रॅममध्येही अस्संच होतं! म्हणून आम्ही कधीच न बदलणारी रचना करतो.” रविवारी तो घरी आला आणि आम्ही दोघं बसलो. त्याच्याकडून मला जे कळलं, ते माझ्या भाषेत तुम्हाला सांगते.

संगणकाच्या पोटात पुस्तक नसतं, मुलगा नसतो, गाय नसते. असतात फक्त त्यांची चिन्हं आणि त्या चिन्हांबद्दलची विधानं. ‘पुस्तक ८७’, ‘नेलं’, ‘विद्यार्थी २२१४’, ‘३ मार्च’ अशी चार चिन्हं एका दोऱ्यात बांधली की झालं एक विधान. संगणकानं नुसती आकडेमोड न करता अशा चिन्हांशीही खेळावं, म्हणून अमेरिकेतल्या जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये ‘लिस्प’ नावाची भाषा तयार करायला घेतली आणि १९६० मध्ये तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. लिस्पमध्ये यादी कशी असते? मण्यांच्या माळेसारखी. प्रत्येक मणी पुढच्या मण्याचा दोरा धरून असतो.

चला, आपण माळ करू. क, ख, ग असे तीन मणी. ही झाली जुनी माळ. आता तिच्यापुढे एक नवा मणी ओवला, च. च पासून मोजलं तर चार मण्यांची नवी माळ. क पासून मोजलं तर जुनी माळ तशीच्या तशी! माळा दोन, पण मणी किती लागले? सात नव्हे, चारच. आता दुसऱ्या कुणी क च्या पुढे वेगळाच मणी लावला, छ. माळा तीन झाल्या, मणी फक्त पाच. सगळी माळ पुन्हा ओवायची गरजच पडली नाही.

पण थांबा, याला एक अट आहे. समजा एखाद्या आगाऊ मुलानं ख चा लाल रंग खरवडून तो निळा केला, तर काय होईल? तिन्ही माळांचा ख निळा होईल! ज्यांना लाल हवा होता, त्यांना पत्ताही लागणार नाही. म्हणून मणी एकत्र वापरायचे असतील तर नियम एकच. ओवलेल्या मण्याला हात लावायचा नाही. वस्तू न बदलणारी असली म्हणजे ती पाचजणांना बिनधास्त वापरायला देता येते. तुमची वही तुम्ही मित्राला देताना घाबरता, पण छापील पुस्तक देताना तितकं घाबरत नाही ना? तसंच.

भाच्यानं मला पायथन ही भाषा दाखवली. तिच्यात चौकोनी कंसात लिहिलेली यादी बदलता येते. पण गोल कंसात लिहिलेली, जिला टपल म्हणतात, ती एकदा केली की केली. तिच्यातलं एक घर बदलायला गेलात तर संगणक सरळ ‘चूक’ म्हणून थांबतो. आम्ही प्रत्येक नोंदीचं एक टपल केलं. आणि नोंदींची फाईल? ती उघडताना ‘डब्ल्यू’ लिहिलं तर आतलं सगळं आधी पुसलं जातं. ‘ए’ लिहिलं तर नवी ओळ शेवटी जोडली जाते. एका अक्षराचा फरक! मी ते ‘ए’ अक्षर लाल खडूनं फळ्यावर लिहून ठेवलंय.

मोठमोठे प्रोग्रॅम लिहिणारे लोक ‘गिट’ नावाचं एक साधन वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये तयार केलं. ते म्हणजे प्रोग्रॅमची फेरफार वहीच समजा. दर वेळी जपून ठेवलेलं रूप तसंच राहतं, आणि जे कागद बदललेले नाहीत ते पुन्हा साठवत नाहीत. आपल्या माळेसारखंच! शिवाय मजकुरावरूनच गणित करून प्रत्येक रूपाला ४० अक्षरी ठसा मिळतो. मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा वेगळाच येतो. म्हणजे गुपचूप खाडाखोड केली की चोरी लगेच उघडी पडते.

तर आमच्या वाचनपेटीचे नवे नियम असे ठरले.

एक. पुस्तकाचा नंबर एकदा दिला की दिला. पुस्तक फाटलं, हरवलं, तरी तो नंबर दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. मुलासाठी हजेरी क्रमांक नाही, जनरल रजिस्टरचा क्रमांक. तो दर जूनला बदलत नाही आणि दुसऱ्याला मिळत नाही.

दोन. प्रत्येक देवघेवीची एक नवी ओळ, तारखेसह. जुन्या ओळीला हात नाही. चूक झाली? होऊ द्या. ‘ओळ अमुक चुकली, खरं असं’ अशी दुरुस्तीची नवी ओळ लिहायची.

तीन. ‘पुस्तक आत्ता कुठे आहे’ हे वेगळं लिहून ठेवायचंच नाही. ओळी वाचल्या की ते आपोआप कळतं. सातबारा हा जसा फेरफारांचा आजचा निकाल, तसं.

एका मुलीनं विचारलं, “बाई, मग वही फुगत जाईल की!” बरोबर आहे तिचं. ओळी वाढत जातात, त्यांना जागा लागते. पण दिवसाच्या पाच-सहा ओळींनी संगणकाचं काही बिघडत नाही. त्याहून मोठी काळजी दुसरीच आहे. जे खोडता येत नाही, ते लिहिण्याआधी दहादा विचार करावा लागतो. म्हणून आम्ही चौथा नियम केला. वहीत फक्त ‘नेलं’, ‘परत’ आणि ‘दुरुस्ती’ एवढंच लिहायचं. ‘अमक्यानं हरवलं’, ‘तमका निष्काळजी’ असले शेरे लिहायचे नाहीत. पाचवीतल्या मुलाच्या कपाळावर कायमचा शिक्का मारायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही.

नव्या वहीची पहिली ओळ कुणाची, ठाऊक आहे? माझी. सगळ्या वर्गासमोर मी ती लिहिली : ‘दुरुस्ती. जुन्या तक्त्यात पुस्तक ८७ पुढे १४ आहे. तो जूनमध्ये आलेल्या विद्यार्थ्याचा क्रमांक नव्हे. त्यानं हे पुस्तक नेलेलं नाही.’ खाली तारीख.

तो मुलगा फळ्याजवळ उभा राहून ती ओळ वाचत होता. मग त्यानं विचारलं, “बाई, हे आता कुणालाच पुसता येणार नाही?”

“मलासुद्धा नाही,” मी म्हणाले.

तो काही बोलला नाही. ऑगस्टमध्ये, एकोणतिसाव्या ओळीत, त्याच्या क्रमांकापुढे पहिल्यांदा ‘नेलं’ असं लिहिलं गेलं.

आता तुमच्यासाठी कोडं. आमच्यासारख्याच एका वहीतल्या या सहा ओळी वाचा.

१. पुस्तक ३१, नेलं, विद्यार्थी २२०४
२. पुस्तक ५६, नेलं, विद्यार्थी २२१९
३. पुस्तक ३१, परत, विद्यार्थी २२०४
४. पुस्तक ३१, नेलं, विद्यार्थी २२१९
५. पुस्तक ५६, परत, विद्यार्थी २२१९
६. दुरुस्ती, ओळ ५ चुकली, ५६ परत आलेलं नाही

पाचव्या ओळीपर्यंतच वाचलं तर २२१९ कडे कोणती पुस्तकं आहेत? आणि सहावी ओळ वाचल्यावर? दोन्ही उत्तरं वहीत लिहा. पेनानं हं! चुकलं तर खोडू नका, खाली दुरुस्तीची ओळ लिहा. उत्तर पुढच्या अंकात.

आणि हो, घरी सातबारा असेल तर आजी-आजोबांजवळ बसून कंसातली नावं वाचून घ्या. प्रत्येक कंसामागे एक माणूस आहे आणि वर्तुळातल्या आकड्यामागे एक गोष्ट. ती त्यांच्याकडूनच ऐका.

तुमची,
बाई